वारा, पाणी व अग्नी : प्राध्यापक जे. बी. एस. हाल्डेन

विद्यार्थी मित्रहो, पाणी अग्नीला विझविते ही गोष्ट चुलीपाशी बसणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु ज्या दोन वायूंच्या संयोगाने पाणी बनते, त्यांपैकी हायड्रोजन हा स्वतः जळणारा आणि प्राणवायू हा जळण्यास साहाय्य करणारा आहे, हे कळले म्हणजे सृष्टीच्या या विरोधाभासाचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. इ. स. १८०० मध्ये निकल्सन व कार्लाइल या दोन इंग्रज गृहस्थांनी पाण्यातून विजेचा प्रवाह सोडून पाण्याचे हे दोन घटक विलग केले. एका तारेपाशी हायड्रोजनचे बुडबुडे, दुसरीपाशी प्राणवायूचे. पहिल्याचे आकारमान दुसऱ्याच्या दुप्पट. हा प्रयोग तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिला असेलच. हे दोन वायू पुन्हा एकत्र आणून पेटविले की ते मोठा स्फोट करून परत पाणी होतात. मग या स्फोटाच्या बळावर यंत्र चालविता येईल काय? कोळसा व खनिज तेल संपल्यावर मनुष्यजातीला याच वायूंचा आधार घेता येईल काय?

या प्रश्नाचे सविस्तर आणि धीट उत्तर शंभर वर्षांपूर्वी एका तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने दिले. पुढे त्यानेच आपली जन्मभूमी सोडून भारताला आपले घर मानले, भारताचे नागरिकत्व पत्करले आणि येथेच देह ठेवला. त्यांचे नाव जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन. जीवशास्त्राच्या इतिहासात त्यांचे स्थान फार वरचे आहे. परंतु या लेखात त्यांच्या चरित्राबरोबरच वारा, पाणी व अग्नी यांची त्यांनी घातलेली सांगडही पाहावयाची आहे.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. त्यांचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे थोर अभ्यासक होते. कोळशाच्या खाणींत साचणाऱ्या घातक वायूंमुळे खाणकामगारांचे प्राण कसे जातात, याचा शोध घेण्यासाठी ते स्वतः खाणीत उतरत. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्ष्यासारखे लहान प्राणी खाणीत सोबत न्यावेत, ही सूचना त्यांचीच. असा पिता लाभल्यावर पुत्राचे शिक्षण चार भिंतींच्या आत कसे राहावे? एकदा वडिलांनी लहानग्या हाल्डेनला स्टॅफर्डशायरमधील एका खाणीत नेले. तेथे छताजवळ मिथेन वायू साचलेला होता. मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या ज्यूलिअस सीझर नाटकातील अँटनीचे भाषण म्हणण्यास सांगण्यात आले. काही ओळी म्हणताच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. पण जमिनीलगत पडताच त्याचा श्वास पूर्ववत झाला. मिथेन हवेपेक्षा हलका असून तो वर तरंगतो, आणि श्वासास निरुपयोगी असला तरी स्वतः विषारी नसतो, हा धडा त्या मुलाला जन्मभर विसरणे शक्य नव्हते. बेल्लमपल्ली, मंदमरी, श्रीरामपूर या गावांची नावे ऐकत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना या कथेतील मर्म निराळे सांगावयास नको. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची चार जिल्ह्यांत विभागणी झाली खरी. तरी सिंगरेणीच्या खाणींत उतरणाऱ्या कामगारांशी या भागातील घरांचे नाते तुटलेले नाही.

हाल्डेन यांचे शालेय शिक्षण ईटन येथे व उच्च शिक्षण ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात झाले. प्रारंभी त्यांनी गणितात प्रथम वर्ग मिळविला. परंतु १९१४ मध्ये त्यांनी जी पदवी घेतली ती ग्रीक व लॅटिन वाङ्मय, इतिहास व तत्त्वज्ञान या विषयांची. ज्या पुरुषाने पुढे जीवरसायन, आनुवंशिकी व संख्याशास्त्र या तीन शास्त्रांत मोलाची भर घातली, त्याच्यापाशी विज्ञानाची एकही पदवी नव्हती! प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने त्याला या गोष्टीचे विशेष अप्रूप वाटते, हे कबूल करावयास हरकत नाही. परंतु याचा अर्थ विज्ञान शिकल्यावाचून येते असा कोणी घेऊ नये. हाल्डेन बालपणापासून वडिलांच्या प्रयोगशाळेत राबत होते. त्यांच्यापाशी पदवीचा कागद नव्हता; अभ्यास मात्र इतरांहून अधिक होता.

पदवी हाती पडली त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. हाल्डेन ब्लॅक वॉच नावाच्या स्कॉटिश पलटणीत अधिकारी झाले. एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्र येथे क्लोरीन वायू सोडला, तेव्हा त्यापासून बचाव कसा करावा हे शोधण्याचे काम त्यांच्या वडिलांकडे आले, आणि पुत्रालाही आघाडीवरून त्या कामी बोलावण्यात आले. कोंडलेल्या खोलीत क्लोरीन सोडून, त्यात स्वतः उभे राहून, कोणता मुखवटा किती वेळ टिकतो हे पितापुत्रांनी व त्यांच्या सोबत्यांनी अजमाविले. पुढे मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर ते जखमी झाले व उपचारासाठी त्यांना भारतात आणण्यात आले. या देशाची व त्यांची पहिली भेट ती अशी. येथील माणसे व येथील प्राचीन विचार यांविषयी त्यांच्या मनात ओढ उत्पन्न झाली. परंतु राज्यकर्त्यांच्या जातीचा म्हणून येथे वावरणे त्यांना रुचले नाही. बरोबरीच्या नात्याने राहता येईल तेव्हाच परत यावे, अशी खूणगाठ त्यांनी मनाशी बांधली. ती सोडविण्यास चाळीस वर्षे लागली.

युद्धानंतर काही काळ ऑक्सफर्ड येथे अध्यापन करून ते केंब्रिज विद्यापीठात जीवरसायनाचे प्रपाठक झाले. तेथील एका वादमंडळापुढे ४ फेब्रुवारी १९२३ रोजी त्यांनी विज्ञान व भविष्यकाळ या विषयावर एक निबंध वाचला. तो लवकरच डेडॅलस या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला व फार गाजला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. या निबंधात त्यांनी अनेक भाकिते केली. त्यांतील एक आपल्या विषयाचे आहे.

त्यांचा युक्तिवाद असा होता. कोळसा व तेल हे भूगर्भातील संचित धन आहे. ते काही शतकांत संपणार. धबधब्यांची शक्ती थोडी व सर्वत्र न मिळणारी. उरतात ती वारा व सूर्यप्रकाश ही दोन अक्षय साधने. परंतु वारा लहरी आणि सूर्य रात्री मावळणारा. तेव्हा खरा प्रश्न शक्ती मिळविण्याचा नसून ती साठविण्याचा आहे. सुगीच्या दिवसांत शेतकरी धान्य पेवात भरतो व पावसाळ्यात काढतो. विजेचे पेव कसे बांधावे? हाल्डेन यांनी कल्पिले की चारशे वर्षांनंतरच्या इंग्लंडमध्ये जागोजागी धातूच्या पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या असतील. त्यांची वीज मोठ्या तारांतून सर्वत्र पोहोचेल. जोराचा वारा असेल तेव्हा उरलेल्या विजेने पाण्याचे अपघटन करून हायड्रोजन व प्राणवायू मिळविले जातील. हे दोन्ही वायू अतिशय थंड करून द्रवरूपात आणले जातील आणि निर्वात आवरणाच्या, बहुधा जमिनीत पुरलेल्या, प्रचंड टाक्यांत निरनिराळे साठविले जातील. वारा पडला की तेच वायू स्फोटक इंजिनांत पुन्हा एकत्र आणून त्यांवर वीज निर्माण करणारी यंत्रे फिरविली जातील. किंवा, अधिक संभाव्य म्हणजे, ज्वलनावाचून थेट वीज देणाऱ्या विद्युत्घटांत त्यांचा संयोग केला जाईल. अशा घटाचे मूळ तत्त्व विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये दाखवून दिलेले होतेच.

या योजनेतील अडचणीही त्यांनी झाकून ठेवल्या नाहीत. वजनाच्या मानाने पाहिले तर द्रव हायड्रोजन पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता देतो. पण तो इतका हलका असतो की तीच उष्णता साठविण्यास टाकी कितीतरी मोठी लागते. आपल्या जिल्ह्यात कापसाची गाडी भरताना पाहिलेल्या मुलास हे चटकन उमगेल : गाडी डोंगराएवढी दिसते, वजन मात्र ज्वारीच्या गाडीहून कमी. शिवाय हायड्रोजन द्रवरूप होण्यास उणे २५३ अंश सेल्सिअस इतकी थंडी लागते. प्रारंभीचा खर्च पुष्कळ होईल हे मान्य करून हाल्डेन यांनी लाभही सांगितला : शक्ती सर्वत्र सारख्या दराने मिळेल, कारखाने खाणींच्या भोवती गर्दी न करता देशभर पसरतील, आणि धूर व राख यांचे नाव उरणार नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुष्कळ शिकलेली माणसेही येथेच फसतात. हाल्डेन यांच्या योजनेत पाणी हे इंधन नाही. इंधन आहे वारा. पाणी हे केवळ पेव. हिशेब करून पाहू. नऊ किलो पाण्यापासून एक किलो हायड्रोजन व आठ किलो प्राणवायू मिळतो. त्यासाठी आजच्या चांगल्या यंत्रांनाही सुमारे पन्नास युनिट वीज लागते. तो एक किलो हायड्रोजन जाळला असता सुमारे तेहतीस युनिटांएवढी उष्णता मिळते. आणि इंजिन त्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच गतीत रूपांतरित करू शकत असल्याने हाती येतात दहा-बारा युनिटे. विद्युत्घट वापरला तरी सोळा-सतरा. म्हणजे पेवात पन्नास पायली धान्य टाकावे आणि दहा-पंधरा पायली बाहेर यावे, असा हा व्यवहार आहे. वारा फुकट असेल व वीज एरवी वायाच जाणार असेल, तर हा व्यवहारही परवडतो. परंतु मोटारीच्या स्वतःच्याच विजेने पाणी फोडून त्याच वायूवर तीच मोटार चालविण्याची कल्पना म्हणजे स्वतःच्या खांद्यावर स्वतः बसण्याची कल्पना होय. पाण्यावर गाडी चालविण्याचे दावे जगात वारंवार होत आले आहेत. अमेरिकेतील ओहायो राज्यात स्टॅन्ली मेयर नावाच्या गृहस्थाने असाच दावा करून लोकांचे पैसे गुंतविले होते. १९९६ मध्ये तेथील न्यायालयाने तो दावा उघड फसवणूक ठरवून पैसे परत करण्याचा आदेश दिला. असा चमत्कार कोणी दाखवू लागला, तर ती वीज कोठून आली व किती आली, एवढा एकच प्रश्न विचारावा.

हाल्डेन यांनी जे कल्पिले त्याचा लहानसा नमुना त्यांच्या पूर्वीच डेन्मार्कमध्ये उभा राहिला होता, आणि तो उभारणारा एक शिक्षक होता हे सांगताना आनंद वाटतो. आस्कोव येथील लोकशाळेत शिकविणाऱ्या पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये पवनचक्की उभारली व तिच्या विजेने पाण्याचे अपघटन करून मिळालेल्या वायूंवर शाळेत दिवे लावले. १८९५ पासून काही वर्षे ती शाळा या दिव्यांनी उजळत असे. मात्र हायड्रोजनमध्ये थोडा जरी प्राणवायू मिसळला तरी स्फोट होई, आणि शाळेच्या खिडक्यांची तावदाने कितीदा तरी नव्याने बसवावी लागली. हे दोन वायू निरनिराळे का ठेवावे लागतात, ते यावरून कळते. तेव्हा प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली परीक्षानळीभर वायू पेटवून पाहणे निराळे, आणि घरी बाटलीत मिश्रण साठविण्याचे साहस निराळे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

वायूंशी हाल्डेन यांचे नाते केवळ कागदावरचे नव्हते. जो प्रयोग दुसऱ्यावर करण्यास मन कचरेल तो प्रथम स्वतःवर करावा, हा त्यांचा व त्यांच्या वडिलांचा कुलधर्मच होता. रक्तातील आम्लाचा श्वासावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी पाणी घातलेले हायड्रोक्लोरिक आम्ल पिऊन पाहिले, अमोनियम क्लोराइड खाल्ले, आणि दिवसेंदिवस धापा टाकीत आपल्याच शरीराच्या नोंदी घेतल्या. १ जून १९३९ रोजी थेटिस नावाची ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली व तीतील नव्व्याण्णव माणसे मृत्युमुखी पडली. केवळ चौघे वाचले. ती माणसे बाहेर का पडू शकली नाहीत, हे शोधण्यासाठी हाल्डेन काही सोबत्यांसह पोलादी कोठडीत स्वतःला कोंडून घेऊन दूषित हवेत तासन्‌तास बसले. पुढील युद्धकाळात नौदलासाठी त्यांनी उच्च दाबाखालील प्राणवायूचे प्रयोग केले. जो वायू आपण जीवनाचा आधार म्हणतो, तोच अतिदाबाखाली घेतला असता विषासमान होतो व माणसाला आकडी येते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर अनुभविले. अशाच एका झटक्यात त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली व ते दुखणे जन्मभर राहिले. चव नसलेला म्हणून पाठ्यपुस्तकांत वर्णिलेल्या प्राणवायूला अशा दाबाखाली चव येते, ही मौजेची नोंदही त्यांनी त्याच यातनांतून केली.

त्यांची खरी कीर्ती मात्र आनुवंशिकीत आहे. डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत व मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम यांचा गणिताच्या साहाय्याने मेळ घालणाऱ्या तीन पुरुषांत रॉनल्ड फिशर व सिवॉल राइट यांच्याबरोबर हाल्डेन यांचे नाव घेतले जाते. १९३२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते प्राध्यापक होते. मलेरियाने ग्रासलेल्या प्रदेशांत रक्ताचे काही आनुवंशिक विकार इतके का आढळतात, याविषयी त्यांनी १९४९ च्या सुमारास एक विलक्षण तर्क मांडला : विकाराचा एकच अंश ज्याच्यात असतो त्याला मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हे खरे असल्याचे दाखविले. मध्य भारतातील वनप्रदेशात व आपल्याकडील आदिवासी बांधवांतही सिकलसेल आढळतो; तेव्हा दूर लंडनमध्ये मांडलेला तो तर्क आपल्या अंगणातील दुःखाशी निगडित आहे.

हाल्डेन यांचे आणखी एक मोठे कार्य म्हणजे विज्ञान सामान्य माणसापर्यंत नेणे. कामगारांच्या दैनिकात त्यांनी शेकडो लेख लिहिले. मुलांसाठी एका जादूगाराच्या गोष्टींचे पुस्तक लिहिले. परंतु चरित्र लिहिताना केवळ गुणच सांगणे हे सत्याला धरून होणार नाही. हाल्डेन १९४२ मध्ये ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. त्याच काळात सोव्हिएत रशियात लिसेंको नावाच्या सत्ताप्रिय माणसाने आनुवंशिकीचे शास्त्रच खोटे ठरविले, आणि वाविलोव यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मरण पावला. स्वतः आनुवंशिकीचे आचार्य असूनही हाल्डेन यांनी त्या अन्यायाचा उघड धिक्कार करण्यास फार विलंब लाविला. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले खरे. पण विषारी वायूत निर्भयपणे उभे राहणाऱ्या या पुरुषाला आपल्याच सोबत्यांविरुद्ध बोलणे अवघड गेले. देहाचे धैर्य व मताचे धैर्य ही दोन निरनिराळी आहेत, आणि दुसरे पहिल्याहून दुर्मिळ आहे.

१९५६ मध्ये ब्रिटनने सुएझवर आक्रमण केले, तेव्हा हाल्डेन यांचे मन आपल्या देशाच्या राजनीतीला विटले. प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९५७ मध्ये ते पत्नी डॉ. हेलन स्पर्वे यांच्यासह कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आले. जुनी खूणगाठ आता सुटली. ते स्वदेशी कपडे वापरू लागले, मांसाहार त्यांनी सोडला, आणि काही वर्षांनी ते भारताचे नागरिक झाले. इंग्लंड सोडण्याच्या कारणांत पायमोज्यांचा कंटाळा हेही एक कारण ते विनोदाने सांगत.

येथील तरुणांना त्यांनी जी शिकवण दिली ती आपल्या ग्रामीण शाळांनी विशेष जपून ठेवण्यासारखी आहे. महागडी उपकरणे नाहीत म्हणून संशोधन होत नाही, ही सबब त्यांनी कधी ऐकून घेतली नाही. भारतात झाडे, पाखरे व माणसे अमाप आहेत. डोळे उघडे ठेवा, मोजा, आणि मोजलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवा, असा त्यांचा मार्ग होता. त्यांचे सहकारी टी. ए. डेव्हिस यांनी नारळाच्या झाडांवर झावळ्यांचा पेच डावीकडे वळतो की उजवीकडे, हे झाडामागून झाड पाहून मोजले. सुरेश जयकर यांनी टिटवीच्या घरट्याजवळ बसून नरमादी अंडी कशी उबवितात याच्या नोंदी केल्या. त्यासाठी लागले ते वही, पेन्सिल व धीर.

त्याच वर्षांत भारतात हाल्डेन यांच्या जुन्या स्वप्नाचा एक भाग निराळ्या रूपाने साकार होत होता. भाक्रा-नांगल योजनेच्या विजेवर पंजाबातील नांगल येथील खत कारखान्यात फार मोठ्या प्रमाणावर पाण्याचे अपघटन सुरू झाले. तेथील हायड्रोजन इंजिनासाठी नव्हे, तर शेतीला लागणाऱ्या खतासाठी वापरला गेला. त्यांचे एक भाकीत मात्र चुकले होते. अणूतील शक्ती व्यवहारात उपयोगी पडेल यावर १९२३ मध्ये त्यांचा फारसा विश्वास नव्हता. आणि ते भारतात येण्यापूर्वीच, ऑगस्ट १९५६ मध्ये, मुंबईजवळ तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झालेली होती.

मतभेदांमुळे १९६१ मध्ये त्यांनी कलकत्त्याची संस्था सोडली व १९६२ मध्ये ओरिसा (आताचे ओडिशा) सरकारच्या साहाय्याने भुवनेश्वर येथे आनुवंशिकीची नवी प्रयोगशाळा उभारली. परंतु आयुष्याची दोरी आता आखूड होत होती. कर्करोगाचे निदान होऊन लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी आपल्याच रोगावर एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी भीती टाकून वेळीच वैद्याकडे जावे हा तिचा हेतू होता. आपला मृत्युलेखही त्यांनी स्वतःच बोलून दूरचित्रवाणीसाठी ध्वनिचित्रित करून ठेवला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकिनाडा येथील रंगराया वैद्यकीय महाविद्यालयात अध्ययनासाठी देण्यात आला. तेव्हा काकिनाडा व आपले आदिलाबाद ही दोन्ही गावे एकाच आंध्र प्रदेश राज्यात होती. ज्या देहावर त्यांनी जन्मभर प्रयोग केले, तो देह अखेर तेलुगू भूमीतील विद्यार्थ्यांचा पाठ झाला.

त्यांच्या स्वप्नाचे पुढे काय झाले? ४ जानेवारी २०२३ रोजी, म्हणजे त्या निबंधाला शंभर वर्षे पूर्ण होण्यास एक महिना उरला असता, भारत सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. वारा व सूर्य यांच्या विजेने पाणी फोडून २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हायड्रोजन निर्माण करण्याचे ध्येय ठरविण्यात आले. द्रव हायड्रोजन व द्रव प्राणवायू यांच्या बळावर चालणारे इंजिन भारताने स्वतः घडविले. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ ला अंतराळात नेणाऱ्या अग्निबाणाचा अंतिम टप्पा अशाच इंजिनाचा होता. आकारमानाने मोठा पण वजनाने हलका हा हायड्रोजनचा गुण आकाशयानांना अडचणीचा होणार नाही, हे हाल्डेन यांनी लिहून ठेवलेच होते. पन्नास टाकून पंधरा काढण्याचा तो अवघड हिशेब मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही. यंत्रे स्वस्त कशी करावीत, हानी कमी कशी करावी, साठवण निर्धोक कशी व्हावी, हे प्रश्न पुढील पिढीची वाट पाहत आहेत.

मित्रहो, आपल्या भागातील कोळसाही एक दिवस संपावयाचाच आहे. त्या दिवशी घराघरांत दिवा कशावर लागेल, हे कदाचित आज या शाळेच्या बाकांवर बसलेल्या एखाद्या मुलामुलीच्या हाती असेल. हाल्डेन यांनी त्यासाठी मोठी कल्पना करण्यास शिकविले, आणि ती कल्पना हिशेबाच्या तराजूत घालून पाहण्यासही शिकविले. कल्पनेवाचून हिशेब कोरडा, हिशेबावाचून कल्पना फसवी. दोहोंची संगत ज्याला साधेल त्याने या भल्या पुरुषाचे ऋण थोडेतरी फेडले असे होईल.